कॅप्टन डेल

सकाळी साडेनऊला टॅन्सीच्या टेबलावर जे प्रूफ येऊन पडलं, त्यावर तिचा बाप दात काढून हसत होता. म्हणजे तो तिचा बाप नव्हताच. तिच्या बापाचे दोन्ही डोळे धड होते आणि हसताना तो तोंड मिटून हसायचा. हा कुणी तरी दाढीवाला, एका डोळ्यावर काळी पट्टी, ओठांत जाडजूड विडी, हेलिकॉप्टरच्या उघड्या दारात पाय सोडून बसलेला गडी होता. कुठल्या तरी चित्रकारानं जेवणाच्या सुट्टीआधी उरकून टाकलेला. पण खाली नारिंगी अक्षरांत नाव होतं, ‘कॅप्टन डेल’. त्याखाली बारीक अक्षरांत, गांजाचं तेल, व्हेप कार्ट्रिज, अर्धा ग्रॅम. टॅन्सीनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. नाव तसंच होतं. मग तिनं खोक्याची मागची बाजू वाचली. ‘सन १९६८. व्हिएतनामच्या रानातून कॅप्टन डेलनं हेलिकॉप्टरमधून हे बी आणलं. आभाळ ज्याला घाबरायचं, तो माणूस. हा वाण त्याचा. एक झुरका, आणि रात्रभर टक्क जागे!’ तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातली लाल पेन्सिल तिनं इतकी दाबून धरली की शिसाचं टोक कागदावरच मोडलं, डेलच्या पोटावर एक लाल ठिपका सोडून.

ओकलंडच्या या छापखान्यात ती एकवीस वर्षं छापण्याआधीची अक्षरं वाचत आली होती. आधी वाइनच्या बाटल्यांची लेबलं, जॅम, कुत्र्यांचं खाणं. गांजा कायद्यात बसल्यापासून ही असली खोकी, दिवसाला दहा-बारा. त्रिकोणातलं पान सरकारनं सांगितलेल्या मापाचं आहे की नाही, मिलिग्रॅमचा आकडा प्रयोगशाळेच्या दाखल्याशी जुळतो की नाही, गरोदर बायकांसाठीचा इशारा जागेवर आहे की नाही, एवढं बघायचं आणि सही करायची. तिच्या सहीशिवाय एकही खोकं मशिनवर चढत नसे. मागच्या बाजूच्या गोष्टी ती वाचायची खरी, पण कानावर पडलेल्या गाण्यासारख्या, मनावर न घेता. प्रत्येक वाणाची काही तरी गोष्ट असतेच. कुणी साधू, कुणी समुद्रावर फळी घेऊन उतरणारे दोघे भाऊ, कुणी आजी. समोरच्या टेबलावर बसणारी नोएमी, जी खोक्यांची मांडणी करायची, ती म्हणायची, गोष्टीत किती टक्के खरं आहे ते सरकार कुठे मोजतं, सोड. आणि टॅन्सी सोडायची. एकवीस वर्षांत तिनं कुणाकुणाचे बाप आणि कुणाकुणाच्या आज्या अशा सोडून दिल्या असतील, हे आज पहिल्यांदा तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला. हे प्रूफ चारच्या आत सही होऊन जायचं होतं. चाळीस हजार खोकी. उद्या ती ट्रकमध्ये, परवा सॅन डिएगोपासून वरपर्यंतच्या दुकानांच्या काचेत, आणि एकदा तिथं गेली की तिचा बाप कायमचा हा असा. ते होऊ द्यायचं नाही, एवढंच तिला कळत होतं.

“नोएमी, हे चित्र चालणार नाही,” ती म्हणाली.

“का? छान आहे की. मस्त मवाली दिसतोय म्हातारा.”

“कार्टून आहे. पोरांना आवडेल असं चित्र घालायचं नाही. नियम आहे.”

“अगं, ह्याच्यापेक्षा पोरकट चित्रं तू पास केलीयस. गेल्या महिन्यात ते नाचणारं अननस...”

“अननस माझं कुणी लागत नव्हतं,” टॅन्सी म्हणाली, आणि नोएमीनं मान वर करून बघेपर्यंत तिनं प्रूफवर लाल फुली मारून ते परत पाठवून दिलं होतं.

डेल. डोंगरावरच्या पोरांना आईबापांना नावानंच हाक मारायची सवय होती. आई आर्डिथ, बाप डेल. हम्बोल्टच्या डोंगरात, डांबरी रस्ता संपल्यावर पाऊण तास धूळ खात वर गेलं की त्यांचा माळ लागायचा. त्या घरात कागद नव्हता. वर्तमानपत्र नाही, कॅलेंडर नाही, फोटो तर नाहीच. किराण्याची यादीसुद्धा आर्डिथ पाठ करून जायची. लिहिलेलं सापडलं की सुटका नाही, ती म्हणायची, आणि टॅन्सीच्या शाळेच्या वह्यासुद्धा पानं उलटून बघायची, न जाणो पोरीनं निबंधात वाफे काढून ठेवले असतील. डोंगरावरची सगळीच घरं अशी, चोरून गांजा पिकवणारी. कुठलं बी कुठून आलं, कुठला नर कुठल्या मादीला लावला, कुठली फांदी कुणी कुणाला दिली, सगळं तोंडी. कलम कुणी विकायचं नाही. मागणाऱ्याला द्यायचं, पण देताना ओळ सांगायची. ओल्या फडक्यात गुंडाळलेली फांदी दोघांनीही हातात धरायची, देणाऱ्यानं ओळ म्हणायची, घेणाऱ्यानं परत म्हणून दाखवायची, आणि एक शब्द जरी चुकला तरी फांदी पुन्हा पाण्याच्या डब्यात. शेजारच्या म्हाताऱ्या ऑगीला तर आर्डिथनं तीन वेळा परत पाठवलं होतं. चौथ्या वेळेला तो गाडीतून उतरल्या उतरल्याच ओरडत आला होता, विसरायच्या आत. बापाच्या नावाच्या झाडाची, डेलची ओळ टॅन्सीला झोपेतही म्हणता आली असती. हा डेल. आर्डिथच्या वाफ्यातला. आई मिचोआकानची, बाप अफगाणी. ज्याला झोप येत नाही, त्याच्यासाठी.

व्हिएतनामचा त्यात कुठे संबंध नव्हता. मिचोआकानचं बी आर्डिथनं मेक्सिकोहून आलेल्या एका पुडीच्या तळातून वेचून काढलं होतं, सोळा दाणे. ते झाड सुरेख, उंच, पण आळशी. ऑक्टोबरचा पाऊस आला तरी पिकायचं नाव नाही, मग बुरशी. दुसरं अफगाणी, ठेंगणं, रुंद पानांचं, घाईचं. सात वर्षं ती त्या दोघांची सोयरीक जमवत बसली होती, रंगाच्या ब्रशनं पराग लावत, फांद्यांना ब्राऊन पिशव्या बांधत. बाकीचे लोक वजनावर वाण निवडत, आर्डिथ डेलच्या घोरण्यावर. प्रत्येक शरदात नव्या झाडांतलं एकेक तो संध्याकाळी ओढायचा आणि ती उशाशी बसून राहायची. तास दीड तासानं तो धडपडून उठला की ते झाड दुसऱ्या दिवशी मुळासकट बाहेर. टॅन्सी आठ वर्षांची असताना एका सकाळी ती उठून बाहेर आली तर आर्डिथ ओट्यावर बसून रडत होती, आणि आत डेल झोपलेला होता. नऊ वाजून गेले होते, ऊन त्याच्या तोंडावर आलेलं, आणि तो घोरत होता. ओरडू नकोस, आर्डिथ तिला म्हणाली, आणि स्वतःच हसायला लागली. त्या झाडाचं नाव मग दुसरं काय ठेवणार? आणि हे हरामखोर लिहितात, रात्रभर टक्क जागे. टॅन्सीला वाटलं, उठावं, हे खोकं लिहिणाऱ्याच्या दारात जाऊन उभं राहावं आणि त्याला कॉलर धरून सांगावं, बाबा रे, जागं राहायला माझ्या बापाला कुणाच्या मदतीची गरज नव्हती.

अकराच्या आत नवं प्रूफ आलं. कार्ट्रिजवाल्या कंपनीची माणसं तत्पर. कार्टून काढून त्यांनी सरळ फोटो घातला होता, कुणी भाड्यानं घेतलेला नट, रुंद जबड्याचा, हेल्मेट काखेत, मागे तेच हेलिकॉप्टर, मावळतीच्या उन्हात. आता नियमाला बोट ठेवायला जागा नव्हती. आणि आता तर तो माणूस खराखुरा दिसत होता, हीच त्यातली वाईट गोष्ट होती. चित्राला कुणी चित्र तरी म्हटलं असतं. तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं. बाहेर मालगाडी चालली होती, डब्यामागून डबे, आणि जमीन हलल्यामुळे टेबलावरचं पाणी पेल्यात थरथरत होतं. असंच पाणी थरथरायचं. आवाज येण्याआधी. पंच्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये ते स्वयंपाकघरात नाश्त्याला बसले होते आणि डेलनं पेल्याकडे बघितलं. कुणालाच अजून काही ऐकू येत नव्हतं. त्यानं काटा खाली ठेवला, अगदी हळू, आणि तो उठून तळघरात गेला. मग हेलिकॉप्टर आलं. सरकारी माणसं दोरांवरून माळावर उतरली, झाडं कोयत्यानं पाडली, जाळीत बांधली, जाळी आभाळात लोंबकळत निघून गेली. दोन दिवस ते घिरट्या घालत होतं. त्या दोन दिवसांत सगळा डोंगर बाहेर येऊन आभाळाकडे मुठी हलवत होता. कॉर्बिन म्हणून वरच्या वळणावरचा एक मुलगा होता, त्याच्या बापानं तर छपरावर चढून पँट उतरवली आणि हेलिकॉप्टरला ढुंगण दाखवलं. ते पुढे कित्येक वर्षं जो तो सांगून हसत असे. आणि टॅन्सी, पंधरा वर्षांची, ताटलीत बटाटे घेऊन तळघरात उतरत होती. पेअरच्या बरण्यांच्या फळीखाली डेल गुडघे पोटाशी घेऊन पडलेला, कानांवर हात, चड्डी ओली. तिनं ताटली खाली ठेवली आणि ती पळून वर आली. शाळेत पोरं विचारत, तुझ्या बापानं काय केलं? तो गावात नव्हता, ती सांगायची.

साडेबाराला ती डबा न घेताच गाडीत जाऊन बसली. खोक्याचं माप बघण्यासाठी कंपनीनं नमुन्याची एक कार्ट्रिज पाठवली होती, बोटाच्या पेराएवढी काचेची नळी, आत मधासारखं तेल. ती प्रूफबरोबरच ठेवायची असते, पण टॅन्सीनं ती खिशात टाकली होती. गेली दहा-बारा वर्षं तिनं काही ओढलं नव्हतं. अशी नळी जिच्यावर लावून ओढतात ती बॅटरी तिनं नोएमीच्या ड्रॉवरमधली मागून आणली होती; दात दुखतोय, असं सांगून. तिनं काचा वर केल्या आणि एक झुरका घेतला. आधी आली संत्र्याची गोळी, लहान पोरांच्या खोकल्याच्या औषधातली, इतकी खोटी की तिला आनंदच झाला. बघा, ती मनात म्हणाली, हा तो नाहीच. नुसतं नाव चोरलंय. झाड तरी चोरलेलं नाही. मग तिनं श्वास सोडला आणि श्वासाच्या शेवटाला, घशाच्या मागे, ते आलं. ओली माती, रॉकेल, आणि किंचित पेअर. डेलचं खाकी जाकीट खुंटीवर टांगलेलं असायचं, त्याच्या अस्तराचा वास. चुकायला जागाच नव्हती. त्या नळीत तो होता. प्रयोगशाळेतल्या संत्र्याच्या खाली गाडलेला, पण होता. ती स्टिअरिंगवर मुठी आपटायला लागली. दोनदा हॉर्न वाजला आणि रस्त्यापलीकडचा टायरवाला वळून बघायला लागला, तेव्हा ती थांबली.

कारण झाड आहे म्हणजे ते हातातून हातात आलेलं आहे, आणि हातातून हातात आलेलं आहे म्हणजे ओळ बरोबर आलेली आहे. सकाळपासून ती ज्याच्या भोवती भोवती फिरत होती ते आता गाडीत तिच्या शेजारच्या सीटवर येऊन बसलं. ‘आभाळ ज्याला घाबरायचं, तो माणूस.’ कुठल्या जाहिरातवाल्याला हे सुचायचं नाही. हे एकोणीस वर्षांच्या पोरीलाच सुचतं, जिला कॉर्बिन आवडतो, आणि कॉर्बिनच्या बापाची गोष्ट सगळा डोंगर सांगतो. एकोणनव्वदच्या मार्चमध्ये कॉर्बिन खाली मेंडोसिनोला राहायला निघाला होता आणि एक फांदी मागायला आला होता. आर्डिथ बाजारात गेलेली. टॅन्सीनंच फांदी कापली, पाण्यात बुडवली, फडक्यात गुंडाळली. दोघांनी ती धरली. त्याची बोटं तिच्या बोटांना लागत होती, आणि ओळ तिच्या ओठांवर आलेली होती, पण शेवटचा तुकडा तिला म्हणवेना. ज्याला झोप येत नाही. म्हणजे कोण, असं त्यानं विचारलं असतं तर? तळघर, बरण्या, चड्डी, सगळं त्या एका वाक्यात होतं. मग तिनं दुसरंच म्हटलं. हा कॅप्टन डेल. व्हिएतनामच्या रानातून हेलिकॉप्टरमधून आणलेलं बी. आभाळ ज्याला घाबरायचं, तो माणूस. कॉर्बिनच्या भुवया वर गेल्या होत्या. आणि त्यानं परत म्हणून दाखवलं, डोंगरावरचा पोरगा तो, एकही शब्द न चुकवता. तेहतीस वर्षं. किती हात, किती ओली फडकी, किती गराज आणि किती गोदामं. कुणीही एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. रीत कुठेच चुकलेली नव्हती. चुकलेली होती ती एकटी टॅन्सी, आणि ती आता लाल पेन्सिल घेऊन दुसऱ्यांच्या चुका काढायची नोकरी करत होती.

डेल कॅप्टन नव्हता. वैमानिकही नव्हता. व्हिएतनामच्या लढाईत तो हेलिकॉप्टर दुरुस्त करणाऱ्यांतला होता, आणि परत आलेली हेलिकॉप्टरं आतून धुवायची ड्यूटी त्याच्याकडे होती. हातात पाण्याचा पाइप. आत काय असायचं, ते त्यानं फक्त आर्डिथला सांगितलं होतं आणि आर्डिथनं टॅन्सीला तो गेल्यावर, एक्क्याण्णवमध्ये, तेही अर्धंच.

दोन वाजता ती लायलच्या खोलीत गेली. लायल छापखान्याचा मालक. सभ्य माणूस, कुणावर आवाज चढवायचा नाही, आणि आज तिला त्याचाही राग आला. तिनं प्रूफ त्याच्यासमोर आपटलं.

“मी ह्यावर सही करणार नाही. मजकूर खोटा आहे. मालाबद्दल खोटं छापायचं नाही, तोही नियमच आहे.”

लायलनं वाचलं. “कशावरून खोटा?”

“हा वाण माझ्या आईनं केलाय. डेल माझा बाप. तो कॅप्टन नव्हता, त्यानं बी आणलं नाही, आणि हे झोपेसाठी आहे, जागं राहण्यासाठी नाही.”

त्यानं मान वर करून तिच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांकडे जरा जास्तच. “टॅन्सी, तू काही ओढून आलीयस का?”

“हो.”

“बरं.” त्यानं नाक चोळलं. “माझा तुझ्यावर विश्वास आहे. खरंच. पण मी गिऱ्हाइकाला काय दाखवू? काही आहे तुझ्याकडे? जुनं पत्र, फोटो, आईची एखादी डायरी, काहीही. एक कागद दे मला. मी आत्ता फोन करतो.”

“कागद नाही.”

“एकही?”

“असता तर ती तुरुंगात गेली असती, लायल.”

“मग झालं तर. त्यांच्याकडेही कागद नाही, तुझ्याकडेही नाही. पण माल त्यांचा आहे.” त्यानं पेन उचललं आणि तिच्या सहीच्या जागेवर स्वतः सही केली. “तुझ्यावर येणार नाही काही. घरी जा हवं तर.”

तो समजुतीनं बोलला म्हणूनच तिला जास्त लागलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण कुणावर ओरडायचं? खोटं त्यांनी बनवलेलं नव्हतं. त्यांनी फक्त वर नारिंगी रंग आणि ते ‘रात्रभर टक्क जागे’ ओतलं होतं. ती टेबलाशी परत आली. खालच्या मजल्यावर मशिन गरम करायला लावलं होतं, त्याची घरघर पायांना जाणवत होती. नोएमी स्क्रीनकडे तोंड ठेवून डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्याकडे बघत होती. टॅन्सीनं फोन उचलला आणि डोंगरावरचा नंबर लावला. तोही कुठे लिहिलेला नव्हता.

“कोण मेलं?” आर्डिथ म्हणाली. ती चौऱ्याहत्तरची होती आणि दुपारच्या फोनला तिचं हेच उत्तर असे.

“कुणी नाही. आर्डिथ, ऐक.” आणि टॅन्सीनं खोकं वाचून दाखवलं, पुढची बाजू, मागची बाजू, नटाच्या हेल्मेटसकट. मग म्हणाली, “हे मी केलंय. कॉर्बिनला फांदी दिली तेव्हा मी ओळ बदलली होती. मी...”

“माहीत आहे मला.”

“काय माहीत आहे?”

“तो आला होता ना. कॉर्बिन. तुझ्याकडून फांदी घेऊन गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी, निघण्याआधी आमची शिडी परत द्यायला. डेल बटाट्यांना पाणी घालत होता. पोरानं डोक्यावरची टोपी काढली, ताठ उभा राहिला नि म्हणाला, कॅप्टन, तुम्हाला भेटायचं होतं. मी म्हटलं, काय रे, कुणाला कॅप्टन म्हणतोस? तर डेलनं मला हातानं गप्प केलं. त्याला विचारलं, तुला कुणी सांगितलं? पोरगं म्हणालं, टॅन्सीनं.”

“मग?”

“मग डेल म्हणाला, ती म्हणते तर असेल.”

टॅन्सीला खुर्चीची पाठ लागत होती, पण आपण बसलो आहोत असं वाटत नव्हतं.

“नि सगळं ऐकायचंच तर ऐक,” आर्डिथचा आवाज चढला. “त्या उन्हाळ्यात तू शहरात निघून गेलीस. ऑगस्टात ते आले. पाणी हललं. मी तळघराचं दार उघडून धरलं. तो गेला नाही. अंगणात जाऊन उभा राहिला, मधोमध, वर बघत. डोक्यावर येऊन घोंघावत होतं मेलं, कपडे उडत होते त्याचे. उलट्या झाल्या, तोंड पुसलं, परत उभा. दोन तास. मी ओढायला गेले तर म्हणतो, राहू दे, पोरीनं सांगितलंय लोकांना.”

“मला का नाही सांगितलंस?” टॅन्सी किंचाळली. नोएमीच्या हातातला माउस थांबला. “तेहतीस वर्षं, आर्डिथ! मला का नाही सांगितलंस?”

“तू विचारलंस कधी? कार्ड पाठवायचीस नाताळाला. कार्ड! ह्या घरात!”

टॅन्सीला तो अंगणात दिसत होता, खाकी जाकीट, मिटलेलं तोंड, वर बघणारे धड दोन डोळे. जे त्याला जमत नाही म्हणून तिला लाज वाटायची, ते त्यानं तिच्यासाठी करून टाकलं होतं, आणि ते बघायला ती तिथं नव्हती. तिला इतका संताप आला की डोळ्यांतून येणारं पाणीसुद्धा तिला रागाचंच वाटलं.

“ओळ येते का अजून?” आर्डिथनं विचारलं.

“येते.”

“म्हण.”

“हा डेल,” टॅन्सी म्हणाली. “आर्डिथच्या वाफ्यातला...”

“मला काय सांगतेस? मला पाठ आहे. तिथं कुणी नाही का?”

टॅन्सीनं फोन तसाच टेबलावर ठेवला. खाली मशिन सुरू झालं, पहिल्या सपाट्यालाच पेल्यातलं पाणी थरथरलं. ती नोएमीच्या टेबलापाशी गेली, खिशातून काचेची नळी काढली आणि पुढे केली. “धर. एका हातानं. सोडू नकोस, मीही धरणार आहे.”

“टॅन्सी, तू बरी आहेस ना?”

“नाही. धर.”

नोएमीनं धरली. दोघींच्या बोटांत ती एवढीशी नळी जेमतेम मावत होती. टॅन्सीनं मोठ्यानं सांगितलं, चालू मशिनच्या वर ऐकू जावं इतक्या मोठ्यानं. लायलच्या खोलीचं दार उघडलं तरी ती थांबली नाही. “हा डेल. आर्डिथच्या वाफ्यातला. आई मिचोआकानची, बाप अफगाणी. ज्याला झोप येत नाही, त्याच्यासाठी. आता तू म्हण.”

नोएमीनं एकदा लायलकडे बघितलं, एकदा टेबलावरच्या फोनकडे, ज्यातून एका म्हातारीचा श्वास येत होता. मग तिनं स्क्रीनवर नजर टाकली, जिथं नारिंगी अक्षरं अजून उघडी होती. “हा कॅप्टन डेल,” ती म्हणाली, “आर्डिथच्या...”

“कॅप्टन नाही,” टॅन्सी म्हणाली. तिनं नळी सोडली नाही. “नुसता डेल. पुन्हा म्हण.”